तापणारी तार आणि मोजणारी तार

१८२१ साली लंडनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी एक साधा दिसणारा प्रयोग केला. विद्युतघटमालेला प्लॅटिनमची बारीक तार जोडून त्यांनी ती तांबडी होईपर्यंत तापवली आणि मग तिच्या एका भागाला स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लावली. बाहेरून आणखी उष्णता मिळाल्यावर सगळी तार अधिकच उजळेल, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ज्योतीपासून दूर असलेल्या भागाची लाली मावळली. उलट, तारेच्या एका भागाला बर्फ लावताच उरलेली तार तांबड्याची पांढरी झाली.

डेव्हींचा निष्कर्ष असा होता: धातू जसजसा तापतो तसतशी त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते. ज्योतीखालच्या भागाने वाट अडवली, म्हणून सबंध तारेतला प्रवाह मंदावला आणि बाकीचा भाग निवाला. बर्फाने वाट मोकळी केली, प्रवाह वाढला आणि बाकीचा भाग अधिक तापला. शाळेच्या पुस्तकात हाच अडथळा ‘रोध’ या नावाने भेटतो. (ओहमचा नियम तेव्हा मांडला गेलेला नव्हता. तो १८२७ मध्ये आला.)

पुढे १९३ वर्षांनी, २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ‘इव्हॉल्व्ह’ या कंपनीने ‘डीएनए ४०’ नावाची एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी बाजारात आणली. ई-सिगारेटच्या पोटात बसणारी ही पट्टी तापणाऱ्या वेटोळ्याचा रोध क्षणोक्षणी मोजी, त्यावरून तारेचे तापमान ठरवी आणि ते नेमलेल्या मर्यादेपुढे जाऊ लागले की वीज कमी करी. तिला वेगळा तापमापक लागत नसे, कारण जी तार तापते तीच तापमापकाचे काम करी. मात्र ही तार कोणत्या धातूची असावी, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. आधी निकेल, मग टायटॅनिअम आणि अखेर स्टेनलेस स्टील, असे त्याचे उत्तर थोड्याच काळात बदलत गेले. या धाग्याचा विषय आहे ते उत्तर, आणि ते मिळायला इतका वळसा का पडला हे कोडे.

भारतात हा प्रश्न वापराचा उरलेला नाही. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. तारेची गोष्ट मात्र त्या उपकरणाहून फार जुनी आहे, आणि तिचे पहिले मोठे प्रकरण घडले ते एका जहाजाच्या पोटात.

१८६० च्या सुमारास ब्रिटिश सरकारने रंगून ते सिंगापूर अशी तारायंत्राची केबल समुद्रातून टाकण्याचे योजले होते. तिच्या विद्युत-तपासणीची जबाबदारी विल्यम सीमेन्स यांच्याकडे होती. जर्मनीत जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेले हे अभियंते एका शंकेने अस्वस्थ होते. केबलीतल्या तांब्याच्या तारेवर गटापर्चाचे वेष्टन असे, आणि गटापर्चा उष्णतेने मऊ पडतो. जहाजात गुंडाळी करून ठेवलेली ती अवाढव्य केबल आतल्या आत तापत असेल तर समुद्रात उतरण्यापूर्वीच तिचे वेष्टन बिघडणार. पण त्या राशीच्या गाभ्यात काचेचा तापमापक खुपसून तो वाचणार कसा?

सीमेन्स यांनी केबलीच्या थराथरांत तारेची लहान वेटोळी ठेवली, त्यांची टोके बाहेर आणली आणि बाहेर बसून रोध मोजला. गाभा खरोखरच बाहेरच्या हवेपेक्षा बराच उष्ण निघाला. धातूच्या ज्या खोडीची डेव्हींनी नोंद केली होती, तिला सीमेन्स यांनी कामाला लावले. (ती केबल रंगूनला कधी पोहोचलीच नाही. शेवटी ती माल्टा आणि अलेक्झांड्रिया यांच्यामध्ये टाकली गेली.)

१८७१ मध्ये रॉयल सोसायटीच्या बेकरियन व्याख्यानात सीमेन्स यांनी याच तत्त्वावर चालणारा प्लॅटिनमचा तापमापक मांडला. तो भट्टीत घालता येई. त्यात एक बारीक, पण मोलाची युक्ती होती. मोजणाऱ्या तारेपासून उपकरणापर्यंत येणाऱ्या जोडतारांनाही स्वतःचा रोध असतो आणि तो मोजमापात मिसळतो. तो वजा करता यावा म्हणून त्यांनी तिसरी जोडतार घातली. ही तिसरी तार ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पुन्हा पडणार आहे.

सीमेन्स यांच्या तापमापकाने मात्र लौकिक टिकवला नाही. वारंवार तापवल्यावर त्याचा रोध मूळ जागी परतेना, असे ब्रिटिश असोसिएशनने केलेल्या तपासणीत आढळले. तापमापकच बदलत असेल तर त्याच्यावर विसंबायचे कसे? ही अडचण दूर केली ती केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील ह्यू कॅलेंडर यांनी. विशीतला हा तरुण मूळचा अभिजात भाषांचा आणि गणिताचा पदवीधर होता, पदार्थविज्ञानाशी त्याचा परिचय बेताचाच होता. १८८७ मध्ये त्याने दाखवून दिले की दोष प्लॅटिनमचा नाही. तार शुद्ध असली, तिला ताण बसू दिला नाही आणि भोवतालच्या पदार्थांनी ती बाटली नाही, तर ती वर्षानुवर्षे तेच उत्तर देते. आजच्या कारखान्यांतले प्लॅटिनम तापमापक कॅलेंडर यांच्याच वाटेने आले आहेत.

या मालिकेत आणखी एक नाव घ्यायला हवे, ते सहसा विसरले जाते. १९१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील लुई किंग यांनी वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी तापलेली प्लॅटिनम तार वापरली. वारा लागला की तार निवते आणि तिचा रोध घटतो. तो पूर्ववत राखण्यासाठी प्रवाह किती वाढवावा लागला, यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. म्हणजे तार एकाच वेळी तापत होती आणि मोजतही होती. २०१४ ची पट्टी तत्त्वतः हेच करते. फरक इतकाच की तिथे वाऱ्याच्या जागी माणसाने ओढलेला झुरका असतो.

हे झाले मोजणाऱ्या तारांचे घराणे. त्याच काळात दुसरे एक घराणे नेमक्या उलट दिशेने चालले होते. तिथे रोध बदलणे हा दोष मानला जाई.

अमेरिकेत स्थायिक झालेले एडवर्ड वेस्टन विद्युत-मापनाची उपकरणे बनवत. खोली गार असो वा गरम, उपकरणाचा काटा एकच आकडा दाखवायला हवा, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १८८० च्या दशकात त्यांनी तांबे, निकेल आणि मँगनीज यांच्या मिश्रणांतून असे मिश्रधातू शोधले की ज्यांचा रोध तापमानाने जवळजवळ हलत नाही. कॅलेंडर यांना जो गुण हवा होता तो वेस्टन यांनी प्रयत्नपूर्वक काढून टाकला, आणि तेही त्याच दशकात.

तारेने उष्णता निर्माण करू पाहणाऱ्यांनाही असाच अचल धातू हवा होता. शिवाय तो लालबुंद होऊनही हवेत टिकायला हवा होता. लोखंड गंजून खपल्या टाकी आणि प्लॅटिनम परवडत नसे. १९०५ मध्ये शिकागोचे अल्बर्ट मार्श यांनी सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमिअम यांचा मिश्रधातू बनवला, आणि ६ फेब्रुवारी १९०६ रोजी त्याचे पेटंट त्यांना मिळाले. पुढे त्याला नायक्रोम हे नाव रूढ झाले. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमिअम ऑक्साइडचा घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. इस्त्री, विजेची शेगडी आणि टोस्टर घराघरांत पोहोचले ते या तारेच्या बळावर.

इथे इतिहासप्रेमींसाठी एक सावधगिरीची नोंद. विजेचा पहिला टोस्टर १८९३ मध्ये ॲलन मॅकमास्टर्स नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने बनवला, असे अनेक पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर छापले गेले. हा गृहस्थ काल्पनिक होता. विकिपीडियावरची ती थट्टा सुमारे दहा वर्षे खपली आणि २०२२ मध्ये उघडी पडली. नायक्रोमच्या आधी टोस्टर टिकाऊ होणे इतके अवघड का होते, एवढा प्रश्न जरी कोणी विचारला असता तरी संशय लवकर आला असता.

मार्श यांच्यानंतर स्वीडनमध्ये हॅन्स फॉन कान्ट्सोव्ह यांनी १९२० च्या दशकात लोखंड, क्रोमिअम आणि ॲल्युमिनिअम यांचा मिश्रधातू तयार केला. त्यांच्या आडनावातला ‘कान्ट’ आणि हालस्टाहामार या गावातला ‘हाल’ जोडून त्याचे नाव ‘कान्थाल’ पडले. तो नायक्रोमहूनही अधिक उष्णता सोसतो, आणि त्याचा रोध जवळजवळ स्थिर राहतो. विसाव्या शतकात विजेने तापणारी बहुतेक उपकरणे या दोन तारांवर चालली. ती तापत उत्तम, पण आपण किती तापलो आहोत हे त्यांना सांगता येत नसे.

या दोन घराण्यांच्या मधोमध स्टेनलेस स्टील जन्मले आणि त्याचा जन्म या कशासाठीच नव्हता. शेफिल्डचे हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत यासाठी धातू शोधत होते. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांनी १२.८ टक्के क्रोमिअमचे पोलाद वितळवले. ते आम्लाला दाद देत नाही हे लक्षात आल्यावर त्यांना बंदुकीपेक्षा सुरीकाटे अधिक आश्वासक वाटले. जर्मनीत एसेन येथील क्रुप कारखान्यात बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी १९१२ मध्येच क्रोमिअमबरोबर निकेलही घातलेल्या पोलादाचे पेटंट मागितले होते. तिथल्या शोधामागे एक निकड अशी होती की भट्ट्यांचे तापमान मोजणाऱ्या उपकरणांना न गंजणाऱ्या संरक्षक नळ्या हव्या होत्या. तापमापकाचे कवच म्हणून ज्या कुळाचा विचार झाला, ते शंभर वर्षांनी स्वतःच तापमापक बनले, हा योगायोग गमतीचा खरा.

स्वयंपाकघरातल्या ज्या भांड्यांच्या तळाशी ‘३०४’ असा शिक्का दिसतो, ती क्रुपच्या त्या पोलादाची थेट वंशज होत. त्याच कुळातल्या ३१६ या प्रकारात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. त्यामुळे मीठ आणि क्षार यांनी धातूला बारीक छिद्रे पडण्याचे प्रमाण घटते. म्हणून समुद्रावरची उपकरणे, औषधनिर्मितीची पात्रे आणि शस्त्रक्रियेची साधने यांत त्याला मान आहे. पुढे लावलेले ‘एल’ हे अक्षर कार्बन ०.०३ टक्क्यांहून अधिक नसल्याचे सांगते. पोलाद सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात रेंगाळले तर कार्बन क्रोमिअमला धरून बसतो आणि धातूच्या कणांच्या सीमा उघड्या पडून तिथे गंज शिरतो. कार्बनच कमी असला की ही नासाडी टळते. वेल्डिंग करणाऱ्यांसाठी योजलेले हे अक्षर पुढे भलत्याच लोकांच्या उपयोगी पडले.

आता ई-सिगारेटकडे येऊ. पेनसिल्व्हेनियातील हर्बर्ट गिल्बर्ट यांना तंबाखूविरहित, धूरविरहित सिगारेटचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले, पण ती बाजारात आली नाही. आजच्या उपकरणाचे जनकत्व चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांचा प्रयत्न २००३ चा. त्यांच्या आरंभीच्या रचनेत द्रवाचे तुषार करण्यासाठी ध्वनिलहरींचा वापर होता. नंतर सगळीकडे तापणारे वेटोळेच स्थिरावले, आणि ते अर्थातच नायक्रोमचे किंवा कान्थालचे असे. शंभर वर्षे सिद्ध झालेली, स्वस्त, सहज मिळणारी तार सोडून दुसरी कोणी का घ्यावी?

अडचण द्रवात होती. त्यात मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिल्याचा उत्कलनांक १८८ अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा २९०. कापसाची वात द्रव शोषून वेटोळ्यापर्यंत आणते. वात ओली असेपर्यंत उकळणारा द्रव तारेचे तापमान धरून ठेवतो, जसे पाणी असेपर्यंत पातेले करपत नाही तसे. वात सुकली की मात्र तारेला आवरणारे कोणी नसते. तापमान एकदम चढते, कापूस करपतो, आणि ग्लिसरीन विघटित होऊन ॲक्रोलिनसारखी डोळ्या-घशाला झोंबणारी विषारी द्रव्ये तयार होतात. अचल रोधाच्या तारेत हे सगळे घडत असताना विद्युतमंडलाला त्याचा पत्ताही लागत नाही. ओले वेटोळे आणि जळते वेटोळे त्याला सारखेच दिसते.

जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. ३.३ व्होल्टला चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टला मात्र ती भरपूर आढळली. टीकाकारांचे म्हणणे असे की इतक्या तापलेल्या वेटोळ्याची करपट चव कोणताही माणूस सहन करणार नाही, त्यामुळे ही चाचणी वास्तवाला धरून नाही. वाद कोणत्याही बाजूने पाहिला तरी त्याच्या मुळाशी तापमान होते, आणि ते कोणी मोजतच नव्हते.

ते मोजायचे तर तार बदलणे भाग होते. तापणाऱ्या तारांचे घराणे सोडून मोजणाऱ्या तारांच्या घराण्यातून ती आणायला हवी होती. प्लॅटिनम परवडण्याजोगे नव्हते. म्हणून ‘डीएनए ४०’ने व्यापारी शुद्धतेचे निकेल निवडले, ते ‘निकेल २००’ या नावाने मिळते.

आकडे पाहिले की या निवडीचे कारण उमगते. तापमान एका अंशाने वाढले असता रोध आपल्या मूळ किमतीच्या कितव्या भागाने वाढतो, हे दाखवणारा गुणांक निकेलसाठी साधारण ०.००६ आहे. ०.१० ओहमचे निकेल वेटोळे २० अंशांवरून २२० अंशांवर गेले की त्याचा रोध ०.२२ ओहम होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. अर्धा ओहमचे कान्थाल वेटोळे तेवढेच तापले तर ०.५० चे जेमतेम ०.५०२ होते. निकेल बोलते, कान्थाल मौन पाळते.

निकेलचे गुण इथे संपतात. त्याचा मूळ रोधच फार थोडा असतो. ०.४ मिलिमीटर जाडीची सुमारे साडेआठ सेंटिमीटर स्टेनलेस तार अर्धा ओहम देते, तेवढीच निकेल तार त्याच्या आठव्या भागाइतका. परिणामी ४० वॅट शक्ती ०.१० ओहममधून सोडायची तर २० अँपिअर प्रवाह लागतो, आणि छोट्या बॅटरीला तो भार जड जातो. तार इतकी मऊ की स्क्रू आवळताना दबते आणि तिचा रोध बदलतो. शिवाय निकेलची ॲलर्जी असणारी माणसे कमी नाहीत, आणि निकेलची संयुगे श्वासावाटे गेल्यास कर्करोगकारक ठरतात हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कधीच नोंदवले होते. तापमान जाणण्यासाठी निवडलेली धातू श्वासाच्या वाटेवर ठेवायला योग्य आहे का, हा प्रश्न तापमानाच्या उत्साहात मागे पडला होता. तो आधी विचारला जायला हवा होता.

टायटॅनिअम हा पुढचा पर्याय होता. त्याचा गुणांक सुमारे ०.००३५, मूळ रोध निकेलच्या कित्येक पट, आणि ताठपणाही बरा. पण लाल होईपर्यंत तापवल्यास त्याच्यावर ऑक्साइडची पांढरी भुकटी धरते, आणि ती फुप्फुसात जाणे इष्ट नाही. टायटॅनिअम फार तापून पेटलेच तर पाण्याने विझत नाही, ते नायट्रोजनमध्येसुद्धा जळू शकते. बोटाएवढ्या वेटोळ्यात तसे घडण्याची शक्यता थोडी होती, पण नवी तार बसवून ती एकदा लाल करून पाहण्याची जुन्या छंदिष्टांची सवय टायटॅनिअमला मुळीच मानवणारी नव्हती.

मग पाळी आली ३१६एलची. त्याचा गुणांक केवळ ०.०००९ च्या आसपास, म्हणजे निकेलच्या साधारण सातवा हिस्सा. अर्धा ओहमचे वेटोळे २०० अंशांनी तापले तर ०.५९ ओहम होते. सुरुवातीच्या पट्ट्यांना एवढा लहान बदल विश्वासाने पकडता येत नव्हता. मोजणारे विद्युतमंडल सुधारले आणि वापरणाऱ्याला स्वतः गुणांक भरण्याची सोय झाली, तेव्हा स्टेनलेस तार शक्यतेच्या कक्षेत आली. ती ताठ असते, आकार धरून राहते, बॅटरीवर फाजील ताण देत नाही, आणि तापमान-नियंत्रण बंद करून साध्या पद्धतीनेही चालते.

वरवर पाहता निकेल सातपट संवेदनशील, म्हणून सातपट अचूक असावे. हिशेब तसे सांगत नाही. स्क्रूच्या सैल सांध्यामुळे ०.०१ ओहमची चूक झाली असे धरू. अर्धा ओहमच्या ३१६एल वेटोळ्यात ती सुमारे २२ अंशांची फसगत करते, आणि ०.१० ओहमच्या निकेल वेटोळ्यात सुमारे १७ अंशांची. मूळ रोध मोठा असल्याने पोलादाने आपली उणीव बरीचशी भरून काढली. पण चूक दोन्हीकडे उरतेच, कारण या उपकरणांत सांध्यांचा रोध वजा करणारी वेगळी जोडतार वेटोळ्यापर्यंत जातच नाही. सीमेन्स यांनी १८७१ मध्ये जी सोय केली होती, ती २०१४ मध्ये जागेअभावी आणि काटकसरीपायी गळाली होती.

स्टेनलेसच्या कुळातही निवड करावी लागे. ३०४ चा गुणांक सुमारे ०.००१०५. ४३० चा सुमारे ०.००१३८, म्हणजे मोजायला अधिक सोपा. त्यात निकेल जवळजवळ नसते, म्हणून ॲलर्जीवाल्यांची पसंती त्याला मिळे. ते चुंबकाला चिकटते, ही त्याची ओळखण्याची खूण. मात्र क्षार आणि आम्ल यांपुढे ते ३१६ इतके तग धरत नाही. या तिन्ही तारा दिसायला सारख्या, आणि खरा धोका याच सारखेपणात होता. उपकरणात २२० अंशांची मर्यादा घातली, गुणांक ४३० चा भरला आणि तार ३१६एलची बसवली, तर रोध अपेक्षेइतका वाढण्याची वाट पाहत पट्टी तारेला सुमारे ३२० अंशांपर्यंत नेते. ग्लिसरीनचा उत्कलनांक केव्हाच मागे पडलेला असतो आणि पडद्यावर आकडा मात्र २२० च असतो. कान्थालची तार बसवली तर नियंत्रण कधी जागेच होत नाही. पहिला, थंड रोध नोंदवताना वेटोळे वीस अंशांनी कोमट असले, तर पुढची सगळी मोजणी तेवढ्याच प्रमाणात चुकते.

यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे, तिची चर्चा कमी झाली. प्लॅटिनम तापमापकाची तार त्याच कामासाठी बनते आणि तिचा गुणांक, ०.००३८५, प्रमाणित असतो. ३१६एल मात्र गंज रोखण्यासाठी बनवले जाते. त्यात निकेल १० टक्के असले काय नि १४ टक्के असले काय, शिक्का तोच राहतो. मॉलिब्डेनमचेही तसेच. म्हणून एका ओतीव गोळ्यातून ओढलेली तार आणि दुसऱ्यातून ओढलेली तार यांचे गुणांक तंतोतंत जुळतील याची हमी पोलादाच्या कारखान्याने कधी दिलेलीच नाही. छंदिष्टांच्या कोष्टकांत ३१६एलचा गुणांक एकसारखा नसे, तो याच कारणाने.

तापमान मर्यादेत राहिले की करपणे कमी होते, यात शंका नाही. पण त्यामुळे वाफ निर्धोक होते, असा अर्थ काढणे चूक होईल. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ५६ वापरकर्त्यांच्या उपकरणांची तपासणी प्रसिद्ध केली. बाटलीतल्या द्रवापेक्षा वेटोळ्याशी संपर्क आलेल्या द्रवात आणि वाफेत शिसे, निकेल, क्रोमिअम अशा धातूंचे प्रमाण अधिक आढळले. स्टेनलेस स्टीलमध्येही क्रोमिअम आणि बहुधा निकेल असतेच. निकोटिनच्या व्यसनाशी तर तारेच्या निवडीचा काही संबंधच नाही.

आणि खुद्द मोजणीतही एक फट राहते. पट्टीला दिसतो तो सबंध वेटोळ्याचा एकूण रोध, म्हणजे त्याच्या तापमानाची सरासरी. वेटोळ्याचा एखादाच फेरा कोरड्या कापसावर बसला आणि भलताच तापला, बाकीचे फेरे ओले आणि निवांत राहिले, तर एकूण रोध मर्यादेच्या आतच असतो. वर, त्या तापलेल्या फेऱ्याचा रोध वाढल्याने त्याच प्रवाहात तो शेजाऱ्यांहून अधिक उष्णता निर्माण करतो. पट्टी प्रवाह कमी करते तेव्हा थंड फेरे आणखी थंड होतात. डेव्हींच्या तारेत ज्योतीखालचा तुकडा तापला आणि उरलेली तार काळवंडली, ते हेच. तिथे तो फरक टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसत होता. इथे वेटोळे धातूच्या नळीत बंद असते, आणि कोणता फेरा जळतो आहे हे पडद्यावरचा आकडा सांगू शकत नाही.